स्प्रे फोमच्या यंत्रणेसाठी एअर कॉम्प्रेसर किती क्षमतेचा घ्यावा: नवोदितांसाठी हिशेबाची पद्धत

स्प्रे फोमच्या, म्हणजे भिंतीवर फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फोमच्या, व्यवसायात नव्याने येणारा माणूस प्रपोर्शनर (दोन रसायने ठरावीक प्रमाणात, दाबाने गनकडे पाठवणारे यंत्र), तापणारे होज (नळ्या) आणि गन यांची निवड अगदी बारकाईने करतो, आणि कॉम्प्रेसरचा विषय निघाला की ‘साडेसात हॉर्सपॉवरचा पुरेल, की दहाचा घ्यावा?’ एवढेच विचारतो. या प्रश्नाचे थेट उत्तर देता येत नाही, कारण हॉर्सपॉवर हा मोटरचा आकडा आहे. किती हवा, किती दाबाला आणि किती वेळ सलग लागणार आहे हे आधी काढावे लागते. मोटर केवढी हवी हे त्या हिशेबातून सर्वांत शेवटी निघते. तो हिशेब कोणत्या क्रमाने मांडावा आणि त्यात कोणत्या बाबी हमखास सुटतात, हे पुढे सविस्तर दिले आहे.

हवा कमी पडली म्हणजे यंत्र लगेच बंद पडेल, असे मात्र समजू नये. फोमचे दोन घटक, म्हणजे ‘ए’ बाजूचे आयसोसायनेट आणि ‘बी’ बाजूचे रेझिन, बहुतेक प्रकारांत समान घनफळात मिसळावे लागतात, आणि ते ड्रममधून प्रपोर्शनरपर्यंत पोहोचवणारे ट्रान्सफर पंप हवेवर चालतात. हवा अपुरी पडली की हे पंप मंदावतात. रेझिन अधिक घट्ट असल्यामुळे, विशेषतः थंड ड्रममध्ये, त्या बाजूचा पंप आधी मागे पडतो आणि गनमधून प्रमाण बिघडलेले मिश्रण बाहेर येऊ लागते. आयसोसायनेट जास्त झाले तर फोम ठिसूळ होतो. रेझिन जास्त झाले तर तो मऊ, चिकट राहतो आणि पुढे आकसतो. भिंतीवर एकदा बसलेला असा फोम खरवडून काढण्यावाचून दुसरा उपाय नसतो, आणि म्हणूनच कॉम्प्रेसरचा हिशेब घाईने उरकण्यासारखा नाही.

आधी आकड्यांची भाषा

हवेचे दोन गुण वेगवेगळे मोजले जातात. दाब बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये मोजतात (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय), आणि प्रवाह मिनिटाला लिटर किंवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, मोजतात (१ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर). प्रवाहाचा आकडा जवळजवळ नेहमी ‘मुक्त हवेचा’ असतो, म्हणजे दाबलेली हवा पुन्हा वातावरणाच्या दाबाला आणली तर ती जेवढी जागा व्यापेल तेवढा. गेजवर ७ बार दिसत असताना टाकीतील एक लिटर हवा बाहेर सुमारे ८ लिटर होते, कारण गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवते. पुढच्या हिशेबात ही एक बारची भर वारंवार लागेल.

कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रकात प्रवाहाचे दोन निरनिराळे आकडे असू शकतात. पिस्टनच्या फेऱ्यांतून व्यापल्या जाणाऱ्या घनफळाचा आकडा मोठा आणि आकर्षक असतो. प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये त्या आकड्याच्या साधारण ६० ते ८० टक्के एवढीच असते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘७ बारला याची एफएडी किती?’ दाबाचा उल्लेख नसलेला प्रवाहाचा आकडा हिशेबात घेऊ नये.

पायरी १: हवा कुठे कुठे खर्च होते

यादीची सुरुवात गनपासून करावी, कारण गनचा प्रकार बदलला की सगळा हिशेब बदलतो. सर्वाधिक वापरात असलेल्या एअर पर्ज गनमध्ये हवा दोन कामे करते. ट्रिगर दाबला की हवेच्या जोरावर गनमधील पिस्टन मिक्सिंग चेंबरला सरकवतो आणि चेंबरची दोन बारीक छिद्रे दोन्ही रसायनांच्या वाटांसमोर येतात. ट्रिगर सोडला की चेंबर परत जातो, रसायनांच्या वाटा बंद होतात आणि हवेचा झोत चेंबरमधून आरपार जाऊन उरलेले मिश्रण बाहेर फेकतो. मिश्रण काही सेकंदांत फुगून घट्ट होऊ लागते, त्यामुळे हा झोत दुबळा असेल किंवा चेंबर सरकायला वेळ लागला तर छिद्रे बुजतात आणि गन उघडून ड्रिलने साफ करण्यात कामाचा वेळ जातो.

यातून एक गोष्ट निघते, जी नवख्या माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. एअर पर्ज गन फवारत असताना हवा कमी खाते आणि थांबलेली असताना जास्त खाते, कारण ट्रिगर सोडलेला असताना पर्जची हवा चालूच राहते. कारागीर शिडी हलवतो, जाडी मोजतो, पुढच्या खणात जातो, त्या सगळ्या वेळात गनमधून हवा वाहत असते. म्हणून गनचा खर्च ‘अधूनमधून’ या सदरात टाकू नये. तो सलग खर्च धरावा. नेमका आकडा गनच्या पुस्तिकेत असतो आणि तो चेंबरच्या आकारानुसार बदलतो. मेकॅनिकल पर्ज गनमध्ये चेंबर आतल्या दांड्याने साफ होतो आणि हवा मुख्यतः यंत्रणा सरकवण्यापुरतीच लागते, त्यामुळे तिचा खर्च बराच कमी असतो.

ट्रान्सफर पंपाचा खर्च पुस्तिका नसली तरी काढता येतो. पंपाचे गुणोत्तर २:१ असेल तर त्यातील हवेच्या पिस्टनचे क्षेत्रफळ रसायनाच्या पिस्टनच्या दुप्पट असते, म्हणजे एक लिटर रसायन ढकलायला दोन लिटर दाबलेली हवा लागते. मिनिटाला ६ लिटर रसायन हवे असेल तर १२ लिटर दाबलेली हवा लागेल. पंपाला ५ बार दिले असतील तर ती मुक्त हवेच्या हिशेबाने १२ गुणिले ६, म्हणजे ७२ लिटर झाली. असे दोन पंप मिळून १४४, आणि सील, झडपा व एक्झॉस्टमधील नुकसान धरून १८० लिटर म्हणणे रास्त ठरेल. १:१ गुणोत्तराचे डायफ्रॅम पंप याच पद्धतीने मोजावेत.

रेझिनच्या ड्रममधील हवेवर चालणारा अ‍ॅजिटेटर यादीतून फार वेळा सुटतो. तो छोटा दिसतो, पण दिवसभर अखंड फिरतो, आणि हवेच्या मोटरी खादाड असतात. सर्वच रेझिनांना ढवळण्याची गरज नसते. रसायनाच्या माहितीपत्रकात तसे सांगितलेले नसेल तर अ‍ॅजिटेटर चालवू नये, कारण विनाकारण जोरात ढवळल्याने रेझिनमध्ये हवा मिसळते. गरज असेल तर त्याचा खर्च पूर्ण धरावा.

आता प्रपोर्शनर. इलेक्ट्रिक किंवा हायड्रॉलिक प्रपोर्शनर दाब निर्माण करण्यासाठी हवा वापरत नाही, त्यामुळे त्याचा आकडा शून्याच्या जवळ असतो. हवेवर चालणारा प्रपोर्शनर मात्र बाकी सगळ्यांपेक्षा अधिक हवा घेतो. ५.५ बार हवेतून रसायनाला १०० बारच्या आसपास दाब द्यायचा तर पिस्टनांचे गुणोत्तर घर्षण धरून साधारण २०:१ असावे लागते. दोन्ही रसायने मिळून मिनिटाला ६ लिटर बाहेर पडत असतील, तर १२० लिटर दाबलेली हवा लागते, आणि तिला ६.५ ने गुणले की मुक्त हवा ७८० लिटर, म्हणजे २७ ते २८ सीएफएम होते. स्वस्त म्हणून हवेवर चालणारा प्रपोर्शनर निवडणाऱ्याने कॉम्प्रेसरची वाढलेली किंमत त्याच निर्णयात मोजली पाहिजे.

फुंकणी, स्टेपलर, फोम पडू नये म्हणून लावलेले कागद उडवणे अशा वापरांना एका ओळीत आटोपता येईल: ते सलग खर्चात धरू नयेत, त्यांची सोय टाकीतून करावी.

पायरी २: बेरीज

एक उदाहरण घेऊ. प्रपोर्शनर इलेक्ट्रिक आहे, एअर पर्ज गन एक आहे, २:१ चे ट्रान्सफर पंप दोन आहेत आणि अ‍ॅजिटेटर एक आहे. गनचा खर्च पुस्तिकेत मिनिटाला २०० लिटर दिलेला आहे असे धरू, पंपांचे वर काढलेले १८० आणि अ‍ॅजिटेटरचे १५० धरू. बेरीज ५३० होते. जोड, सील आणि जुने कपलर यांतून होणाऱ्या गळतीसाठी १० टक्के मिळवले की ५८० च्या जरा वर जाते.

येथे एखादा जाणकार म्हणेल की गन थांबलेली असताना पंप थांबतात आणि पंप चालू असताना गनची पर्ज हवा बंद असते, मग दोघांची बेरीज कशाला? त्याचे म्हणणे अंशतः बरोबर आहे. तरीही नवोदिताने बेरीजच धरावी, असे माझे मत आहे. ट्रिगर सोडल्यानंतरही होजमधील दाब भरून येईपर्यंत पंप काही वेळ चालतात, आणि सील झिजले की दोन्हींचे खर्च वाढतात. या बेरजेमुळे कॉम्प्रेसर थोडा मोठा निघतो, पण त्याने नुकसान होत नाही.

या ५८० वर २५ ते ३० टक्के राखीव ठेवली की साधारण ७५० लिटर, म्हणजे २६ ते २७ सीएफएम ही ७ बारची एफएडी मागायची. औद्योगिक दर्जाचा कॉम्प्रेसर ७ बारला दर हॉर्सपॉवरमागे सुमारे ४ सीएफएम देतो, लहान पिस्टन कॉम्प्रेसर त्याहून कमी. म्हणजे या यंत्रणेला ७.५ हॉर्सपॉवरचा, ५.५ किलोवॅटचा, चांगला स्क्रू कॉम्प्रेसर (पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा) पुरतो. याच यादीत हवेवर चालणारा प्रपोर्शनर घातला तर बेरीज १,३१० होते, गळती आणि राखीव धरून ती १,८७० लिटरच्या, म्हणजे ६६ सीएफएमच्या आसपास पोहोचते आणि कॉम्प्रेसर १५ हॉर्सपॉवरच्याही पुढे जातो. म्हणूनच केवळ ‘स्प्रे फोमसाठी किती हॉर्सपॉवर’ असे विचारून कुणाचेच भले होत नाही.

राखीव ठेवण्याच्या नादात दुप्पट-तिप्पट क्षमता मात्र घेऊ नये. स्क्रू कॉम्प्रेसरला पुरेसे काम मिळाले नाही तर त्याचे तेल नीट तापत नाही, तेलात पाणी साचत जाते आणि बेअरिंगचे आयुष्य घटते.

पायरी ३: जागेची उंची आणि ड्रायरचा वाटा

समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ होते. कॉम्प्रेसर तेवढेच घनफळ ओढतो, पण त्यात हवा कमी असते. १,५०० मीटरवर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो आणि ३,००० मीटरवर जवळपास ७० टक्के. डोंगराळ भागात काम करायचे असेल तर वरच्या ७५० ला ०.८५ ने भागावे. उत्तर ८८० च्या घरात येते. जनरेटरच्या टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के कमी होते, म्हणजे उंचीचा फटका दोन्हीकडून बसतो.

हवेतील ओल काढणाऱ्या ड्रायरचा वाटा कमी लोकांना ठाऊक असतो. हवा थंड करून तिचे पाणी काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा खात नाही. उष्णतेशिवाय पुनरुज्जीवित होणारा, दोन खांबांचा, ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डेसिकंट ड्रायर मात्र आपल्या नाममात्र क्षमतेच्या सुमारे १५ टक्के हवा स्वतःला सुकवण्यासाठी बाहेर सोडतो. असा ड्रायर असेल तर ५८० ला ०.८५ ने भागून ६८० धरावे आणि मगच राखीव मिळवावी.

पिस्टन की स्क्रू

पिस्टन कॉम्प्रेसर स्वस्त असतो, दुरुस्तीला सोपा असतो, पण त्याला विश्रांती लागते. बहुतेक पिस्टन कॉम्प्रेसरांनी एकूण वेळेपैकी ५० ते ७० टक्के वेळच चालावे अशी रचना असते. ६० टक्के धरले तर ५८० लिटरच्या सलग मागणीसाठी ९७० लिटर एफएडीचा पिस्टन कॉम्प्रेसर लागेल, म्हणजे जवळपास १० हॉर्सपॉवरचा किंवा त्याहून मोठा. विश्रांतीशिवाय चालवलेल्या पिस्टन कॉम्प्रेसरचे डोके तापते, झडपांवर काजळी जमते आणि तेल हवेत जाऊ लागते. स्क्रू कॉम्प्रेसर दिवसभर शंभर टक्के भारावर चालू शकतो. मेकॅनिकल पर्ज गन आणि अधूनमधूनची लहान कामे असतील तर पिस्टन कॉम्प्रेसर शोभतो. एअर पर्ज गन घेऊन रोज पूर्ण दिवस फवारणी करायची असेल तर सुरुवातीचा जास्त खर्च सोसून स्क्रू घ्यावा, असेच मी सुचवेन.

टाकीकडून काय अपेक्षा ठेवावी

मोठी टाकी घेतली म्हणजे लहान कॉम्प्रेसर चालून जाईल, हा समज या धंद्यात फार पसरलेला आहे. टाकी हवा तयार करत नाही. ती काही मिनिटांची तूट भरून काढते. किती मिनिटे, हे काढणे सोपे आहे: टाकीचे लिटर गुणिले उपयोगी पडणारा दाबाचा फरक, भागिले मिनिटाची तूट. ३०० लिटरची टाकी १० बारपर्यंत भरली आणि आपल्याला किमान ७ बार हवे असतील, तर तिच्यात कामाची हवा ९०० लिटर आहे. मागणी पुरवठ्यापेक्षा मिनिटाला १५० लिटरने जास्त असेल तर सहा मिनिटांत ती संपते, आणि नंतर दाब पुन्हा चढण्यासाठी मागणी पुरवठ्याच्या खाली यावी लागते. फुंकणीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, अ‍ॅजिटेटर आणि पर्जसारख्या सलग खर्चासाठी निरुपयोगी. वर घेतलेल्या उदाहरणात २०० ते ३०० लिटरची टाकी पुरेशी आहे.

हवेतील पाणी

या प्रकरणावर थोडे थांबणे भाग आहे, कारण आयसोसायनेट आणि पाणी यांचे वैर आहे. दोघांची गाठ पडली की घन पॉलियुरिया तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गनच्या चेंबरमध्ये, साइड सीलच्या कडेला किंवा जाळीवर दिसणारे पांढरट कडक कण बहुधा याच प्रक्रियेचे असतात. पर्जची हवा थेट त्या जागी पोहोचते, त्यामुळे ती कोरडी असणे अत्यावश्यक आहे.

पाणी किती असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर त्यात सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ७ बारला आठ घनमीटर हवेची एक घनमीटर होते, म्हणजे आत १९४ ग्रॅम पाणी आले, पण ती हवा पुन्हा ३० अंशांवर आली की त्यातील ३० ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकते. उरलेले १६४ ग्रॅम पाणी होऊन खाली बसते. मिनिटाला ६०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा हवामानात तासाला पाऊण लिटर पाणी सोडतो, म्हणजे सहा तासांच्या कामात चार लिटरांहून अधिक. टाकीचा ड्रेन दिवसातून एकदाही उघडला नाही तर हे पाणी पुढे पंपांत आणि गनमध्ये जाणार, हे उघड आहे. स्वयंचलित ड्रेन बसवावा आणि तो खरोखर पाणी सोडतो आहे ना, हे रोज पाहावे.

हे गणित हवा थंड झाल्यावरचे आहे. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा ६० अंशांवर असेल तर तिचा प्रत्येक घनमीटर १३० ग्रॅम वाफ सोबत घेऊन जातो, विभाजकातून तिचे पाणी सुटत नाही आणि लांब होजमध्ये थंड झाल्यावर ते सुटते. म्हणून क्रम असा ठेवावा: कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), टाकी, पाणी विभाजक, ड्रायर आणि मग तेल अडवणारा कोअलेसिंग फिल्टर. पंपाला ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारे साधन) लागत असेल तर तो फक्त पंपाच्या फाट्यावर बसवावा, गनच्या वाटेवर कधीही नाही.

रेफ्रिजरेटेड ड्रायर दाबाखालील दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते ते, ३ अंशांपर्यंत आणतो आणि समशीतोष्ण हवामानात तेवढे पुरते. होज शून्याच्या जवळच्या थंडीत पसरायचे असतील तर उणे ४० अंशांचा दवबिंदू देणारा डेसिकंट ड्रायर लागतो. ड्रायरची नाममात्र क्षमता ३५ अंशांच्या आसपास आत येणाऱ्या हवेवर मोजलेली असते. बंद ट्रेलरमध्ये हवा त्याहून बरीच गरम येते, त्यामुळे ड्रायर कॉम्प्रेसरच्या एफएडीपेक्षा दीडपट क्षमतेचा घ्यावा आणि निर्मात्याच्या सुधारणा तक्त्यावरून ताळा करावा.

नळी आणि कपलर

कॉम्प्रेसर योग्य, ड्रायर योग्य, तरीही गन मंदावते, याचे कारण पुष्कळदा बारीक नळी असते. अनेक एअर पर्ज गनना ८० ते १३० पीएसआय, म्हणजे ५.५ ते ९ बार, हवा लागते, आणि हा दाब गनच्या तोंडाशी हवा असतो. पाव इंच आतील व्यासाच्या ६० मीटर नळीतून मिनिटाला २०० लिटर हवा ७ बारला सोडली तर घर्षणाने दीड बारहून अधिक दाब वाटेतच जातो, आणि गनला ५.५ बारही नीट मिळत नाहीत. तीच नळी तीन अष्टमांश इंचाची केली तर घट पाव बारच्या आत येते. व्यास दीडपट केल्याने तोटा सातपटीहून अधिक कमी होतो. हवेच्या बाबतीत पैसे इतके चोख वसूल होण्याच्या जागा थोड्याच आहेत. टाकीपासून पंपांपर्यंतची मुख्य वाट अर्ध्या इंचाहून बारीक नसावी, आणि लहान भोकाचे क्विक कपलर तर वाटेतून काढूनच टाकावेत.

वीज आणि उष्णता

मोटर थेट सुरू केली तर सुरुवातीचा प्रवाह पूर्ण भाराच्या सहा ते आठ पट असतो. जनरेटरवर रसायने तापवणारे हीटर चालू असताना हा झटका बसला की व्होल्टेज खाली जाते आणि प्रपोर्शनरचा कंट्रोलर ट्रिप होऊ शकतो. सकाळी कॉम्प्रेसर आधी सुरू करावा, हीटर नंतर, हा सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. पिस्टन कॉम्प्रेसर प्रेशर स्विचवर दिवसभर बंद-चालू होत राहतो, त्यामुळे जनरेटरने सर्व हीटर चालू असतानाचा झटका पुन्हा पुन्हा सोसला पाहिजे. लोड-अनलोड पद्धतीचा स्क्रू कॉम्प्रेसर दाब पूर्ण झाल्यावर मोटर चालूच ठेवतो, झटका सहसा एकदाच बसतो. त्या बदल्यात तो रिकामा चालतानाही पूर्ण शक्तीच्या पंचवीस ते चाळीस टक्के वीज घेतो. स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टरने सुरुवातीचा प्रवाह बराच कमी होतो. जनरेटर निवडताना त्याच्या विक्रेत्याला हीटरांचे किलोवॅट आणि कॉम्प्रेसर कसा सुरू होतो, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ५.५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर बंद ट्रेलरमध्ये ठेवणे म्हणजे पाच किलोवॅटचा हीटर ठेवणे. गरम हवा बाहेर नेणारी वाट आणि थंड हवा आत आणणारी वाट वेगळी ठेवावी, आणि हवा ओढण्याचे तोंड फवारणीच्या धुक्यापासून व जनरेटरच्या धुराड्यापासून दूर असावे.

श्वासाची हवा वेगळी

फवारणी करणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, कारण आयसोसायनेटमुळे श्वसनमार्ग कायमचा संवेदनशील होऊ शकतो आणि त्याचा वास येण्याआधीच धोक्याची पातळी ओलांडलेली असू शकते. ही हवा यंत्रणेच्या कॉम्प्रेसरमधून घेऊ नये. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर तापला की कार्बन मोनॉक्साइड तयार करू शकतो, आणि साधा फिल्टर तो अडवत नाही. अमेरिकी नियमांनुसार श्वासाच्या ग्रेड डी हवेत कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत १० भागांहून जास्त चालत नाही. घट्ट बसणाऱ्या मुखवट्याला मिनिटाला किमान ११५ लिटर आणि सैल टोपाला किमान १७० लिटर हवा सतत लागते. यासाठी तेलविरहित, कमी दाबाचा स्वतंत्र पंप घ्यावा आणि त्याचे तोंड कामाच्या जागेपासून दूर, मोकळ्या स्वच्छ हवेत ठेवावे. असे केले तर ही मागणी कॉम्प्रेसरच्या बेरजेत येतच नाही.

घेतल्यानंतरची तपासणी

कॉम्प्रेसर नवा असो की वापरलेला, त्याची खरी क्षमता घड्याळाने मोजता येते. टाकीपुढची झडप बंद करून कॉम्प्रेसर चालू करावा आणि दाब ६ वरून ८ बारवर जायला किती वेळ लागतो ते पाहावे. २०० लिटरच्या टाकीत हे ४८ सेकंदांत झाले तर ४०० लिटर हवा ०.८ मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला ५०० लिटर. भरताना हवा गरम असल्याने आकडा थोडा फुगून येतो, त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा कमी आला तर शंका घ्यायला जागा आहे.

गळतीही अशीच मोजावी. झडप उघडून सर्व नळ्यांत दाब भरावा, गन, पंप आणि अ‍ॅजिटेटर यांची हवा बंद करावी, कॉम्प्रेसर थांबवावा. ८ वरून ७ बारवर यायला पाच मिनिटे लागली तर २०० लिटरच्या टाकीतून मिनिटाला ४० लिटर गळत आहेत. एक मिलिमीटरचे एक भोक ७ बारला मिनिटाला ६० ते ७५ लिटर घालवते आणि तीन मिलिमीटरचे त्याच्या नऊपट, म्हणजे आपल्या उदाहरणातील सगळी मागणी एका फुटक्या जोडातून जाऊ शकते. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासावा.

शेवटी गनच्या टोकाशी टी जोडून एक गेज लावावे, रसायनांचे व्हॉल्व्ह बंद ठेवून गनची पर्ज हवा पूर्ण सोडावी, अ‍ॅजिटेटर चालू करावा, रसायने ड्रममध्येच परत फिरतील अशा रीतीने दोन्ही ट्रान्सफर पंप चालवावेत, आणि पंधरा मिनिटे हे गेज व टाकीचे गेज एकत्र पाहावे. दोन्ही काटे हळूहळू उतरत असतील तर कॉम्प्रेसर कमी पडतो आहे किंवा गळती मोठी आहे. टाकीचा काटा स्थिर असून गनकडचा काटा खाली असेल तर दोष नळी, कपलर, फिल्टर किंवा रेग्युलेटर यांत आहे, आणि मोठा कॉम्प्रेसर घेतल्याने तो जाणार नाही.